तिसरा हात

जोरहाटच्या हौशी फोटोग्राफर मंडळींच्या स्पर्धेची मुदत संध्याकाळी संपत होती आणि हिरण्य लॅपटॉपपुढे कपाळाला हात लावून बसला होता. अंगणात बसवलेल्या आईचे त्याने जवळून भागाभागाने फोटो काढले होते आणि ते तुकडे सांधून एकच भलामोठा फोटो केला होता. सुपारीची झाडं जुळली, सुरकुत्या जुळल्या. पण मांडीवरच्या दोन हातांशेजारून पानसुपारी धरलेला तिसराच हात पुढे आला होता. खोडाखोड नियमात बसत नव्हती आणि तो तुकडा वगळला तर भोक पडत होतं. “आई, हलू नकोस म्हणून किती ओरडलो होतो!” “मधेच बोहागी आली होती. शेजारणीला पानसुपारीशिवाय परत पाठवू?” “आता तीन हातांची आई पाठवू स्पर्धेला?” आईने चष्मा लावून फोटो निरखला. “पानसुपारीवाला माझाच आहे. पण मांडीवर निपचित पडलेले हे दोन कुणाचे रे?”