शिळं पाणी

पहाटे मावशीने पहिली कडी वाजवली आणि गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या मीटरचं झाकण उघडून बसलेली इंजिनीअरबाई दचकली.

"उठा गं, पाणी आलं! घोडे विकून झोपल्यासारख्या काय झोपताय? पाणी आलं!"

पाणी आलं नव्हतं, कारण ते गेलंच नव्हतं. गेला महिनाभर या गल्लीतल्या घराघरातल्या नळांना रात्रंदिवस पाणी होतं, आणि ते याच इंजिनीअरबाईने पाणीखात्यात भांडभांड भांडून आणलं होतं. तरी मावशी आपली एकेक दार ठोठावत पुढे चालली होती, आणि तिच्या मागोमाग खोल्यांतले दिवे लागत होते.

दारं उघडली. डोळे चोळत माणसं बाहेर आली. कुणी पिंप आडवं केलं, कुणी हंडा, कुणी बादल्या, आणि काल भरून ठेवलेलं सगळं पाणी गटारात ओतलं. शिळं पाणी कोण पिणार! मग आत जाऊन सगळ्यांनी एकदमच नळ सोडले. बाईच्या पायाशी मीटरचा काटा गरगरा फिरायला लागला.

असं होतं तर. कालच साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून फैलावर घेतलं होतं. "पाणी कायम असलं की लोक साठवत नाहीत, ओतून देत नाहीत, हे तुमचंच गणित ना? मग ही गल्ली अजून पूर्वीइतकंच पाणी का खाते? आठवडाभरात आकडा उतरला नाही, तर पुन्हा रोज एक तास पाणी. आणि वाचलेल्या पाण्यातून टेकडीवरच्या वस्तीला नळ द्यायचे, तेही विसरा."

तिला खरं तर राग यायला हवा होता. पण तिचा हातच वेडा. तो मघाशी त्या हाकेसरशी आपोआप बाजूला गेला होता, कळशीचा काठ शोधत.

तिचं सगळं लहानपण या गल्लीत, कोपऱ्यावरच्या एका नळाच्या रांगेत गेलं होतं. पाणी यायच्या आधी नळ फुसफुसायचा. मावशीची खोली नळाला लागून, त्यामुळे ते पहिल्यांदा तिला ऐकू जायचं आणि मग ती गल्ली जागी करायची. रांगेत पाढे पाठ व्हायचे, लग्नं जुळायची, कुणाची उणीदुणी निघायची. आदल्या दिवशी झिंज्या उपटेपर्यंत भांडलेल्या बायकासुद्धा हंडा उचलताना एकमेकींना हात लावायच्याच. तशी सकाळ तिला पुढे कुठल्याच घरात मिळाली नाही.

"कोण गं ते?" मावशी जवळ आली आणि डोळे बारीक करून बघायला लागली. "अगं बाई, कळशी! तूच ना?"

लहानपणी रांगेत ती दिसायची नाही, नुसती कळशीच उभी दिसायची, म्हणून हे नाव. ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणत. कळशी म्हणणारं आता एवढं एकच तोंड उरलं होतं.

"मावशी, नळाला दिवसभर पाणी असतं आता. मग हे सगळं कशाला?"

"ते मला कळत नाही होय? वेड लागलंय का मला?"

"मग?"

मावशी पायरीवर टेकली. "अगं, जो तो आपापल्या घरात आपापला नळ सोडणार. मग मला माणसं दिसायची कधी? शेवटच्या खोलीतली म्हातारी तापाने फणफणली होती. दिवा लागला नाही, म्हणून कळलं."

ऑफिसात सगळ्यांना पुरून उरणाऱ्या बाईलाही हे पटलं. पण सांगणं तर भाग होतं. "मावशी, हा काटा असाच फिरला, तर पाणी परत तासावर येईल. आणि टेकडीवरच्या बायका अजून टँकरच्या मागे पळताहेत."

"पळताहेत? रांग नसते?"

"कसली रांग! झुंबड. ज्याच्या अंगात जोर, त्याला पाणी."

मावशीने टेकडीकडे मान वळवली. रांग नाही, हे काही तिला पचेना. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली. "म्हातारीकडे मी दुपारी चक्कर मारीन. उद्यापासून नाही वाजवत कुणाची कडी. जा, सांग तुझ्या साहेबाला."

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा त्याच वेळेला आली. कडी वाजली नाही, दिवे लागले नाहीत, गटार कोरडं होतं. तिने मीटरचं झाकण उचललं. काटा जेमतेम हलत होता. ती जिंकली होती. टेकडीवर नळ जाणार होते. गल्ली शांत झोपली होती, आणि त्या शांततेने तिला अगदी भडभडून आलं.

कोपऱ्यावरच्या एकाच खोलीत दिवा होता. मावशीला कुठली झोप! खिडकीतून ती खाटेवर नुसतीच बसलेली दिसत होती, हात मांडीवर ठेवून. एवढ्या वर्षांत मावशीचं दार पहाटे कधी कुणी वाजवलं नव्हतं, हे बाईच्या आत्ता लक्षात आलं. वाजवणार कोण? सगळ्यात आधी उठायची तीच.

तिने पुढे होऊन हळूच कडी वाजवली.

"मावशी, ऊठ. पाणी आलं."

आत खाट करकरली. मग कुठेतरी एक हंडा सरकला.

"ऐकलं गं," मावशीचा आवाज आला. "तू नंबर धर. आले मी."