सुईवर शेवटचा हात

वर्लिन स्ट्राउडने रॉयसच्या गाडीची सुई तिसऱ्यांदा आत फिरवली आणि आभाळाकडे पाहिलं.

गाडी रिमोटवर पळणारी, हातभर लांब. इंजिन मुठीएवढं. त्याच्या अंगाला पितळेची एक सुई असते. ती आत फिरवली की इंधन कमी जातं, बाहेर काढली की जास्त. फारच कमी गेलं तर इंजिन आधी सुसाट पळतं, मग जळतं. सकाळी वर्लिनने ती नेमकी लावली होती. दुपारी इंजिन गुरगुरायला लागलं, निळा धूर ओकायला लागलं. इंधन जास्त होत होतं. त्याने सुई घड्याळातल्या एका तासाएवढी आत घेतली. थोड्या वेळाने पुन्हा. आता परत. आणि हे एकट्या रॉयसचं नव्हतं. फायनलच्या सहाही गाड्यांचं हेच रडगाणं होतं. सहा इंजिनं एकाच दुपारी एकाच तऱ्हेने बिघडत नाहीत. बिघडली होती ती हवा. ती हलकी होत चालली होती, आणि फार वेगाने.

हवा इतक्या वेगाने हलकी होताना त्याने आयुष्यात एकदाच पाहिली होती, अकरा वर्षांपूर्वी, स्वतःच्या गॅरेजमध्ये. तेव्हा पाऊण तास तो इंजिनालाच शिव्या घालत सुई फिरवत बसला. मग टॉर्नाडो आला. गॅरेज राहिलं, स्वयंपाकघर गेलं. त्याची बायको लॉरीन स्वयंपाकघरात होती.

तो तडक ट्रॅकच्या मालकिणीकडे गेला. डार्ला चिप्सच्या पुडीत ओतलेली चिली, म्हणजे खिम्याचं तिखट कालवण, चमच्याने खात होती.

"डार्ला, शर्यत थांबव. सगळ्यांना तळघरात ने."

डार्लाने वर पाहिलं. ऊन पिवळंधमक होतं. "सायरन वाजला का?"

"नाही. पण सुई सांगतेय."

"मागच्या वसंतात पण तुझी सुईच बोलली होती ना? भरली शर्यत सोडून दोन तास खाली कोंबून बसवलंस सगळ्यांना. पडलं काय? चार थेंब!"

रॉयस टॅकेट बाजूलाच उभा होता. "म्हातारबुवा, तुम्ही आपलं सुईचं बघा. आभाळाचं बघायला टीव्हीवाले आहेत." आजूबाजूचे खो खो हसले. ओक्लाहोमात वादळाच्या इशाऱ्यांना कुणी काडीची किंमत देत नाही. रोजचं मढं त्याला कोण रडे, अशी गत.

वर्लिनची कानशिलं तापली, पण रॉयस बोलला ते खरंच होतं. आभाळाबद्दल त्याचं कुत्रंही ऐकत नव्हतं. सुईबद्दल मात्र सगळे ऐकत. तीस वर्षं या ट्रॅकचा रिवाज होता: फायनलआधी प्रत्येक गाडी वर्लिनच्या टेबलावर यायची, शेवटचा हात त्याचा, आणि त्यानंतर त्या सुईला कुणी बोट लावायचं नाही. लॉरीन गेल्यावर त्याच्यापाशी एवढा एक विश्वासच शिल्लक होता.

तो टेबलाशी परत आला. सहा गाड्या रांगेने आल्या. प्रत्येकीची सुई त्याने घड्याळातल्या दोन तासांएवढी आत घेतली; एक पुरला असता. 

इंजिनं किंचाळायला लागली. गुरगुर नाही, अडखळणं नाही. असा स्वच्छ आवाज त्या ट्रॅकवर कुणी ऐकला नव्हता.

"आयला, धूरच नाही!" रॉयस म्हणाला.

"हवाच तशी आहे," वर्लिन म्हणाला.

"मानलं तुम्हाला!" रॉयसने त्याला मिठी मारली. वर्लिनला मान वर करून त्याच्याकडे बघवेना.

शर्यत सुरू झाली तेव्हा तो ट्रॅकवरच्या दुकानामागे गेला. तळघराचं लोखंडी दार उघडलं, त्याला वीट लावली आणि तिथेच पायरीवर उभा राहिला.

सहा जण लाकडी मचाणावर ओळीने उभे होते, नजर आपापल्या गाडीवर. गाड्या भन्नाट सुटल्या होत्या. खुर्च्यांवरची माणसं उठून आरोळ्या ठोकत होती. तिसऱ्या मिनिटाला पहिलं इंजिन बंद पडलं. लगेच आणखी दोन. मग चौथं, पाचवं. रॉयस सगळ्यात पुढे होता. त्याचं शेवटी गेलं. 

एक गाडी बंद पडली तर नशीब म्हणता येतं. सहा पडल्या तर म्हणता येत नाही. रॉयसने खाली उडी मारली. "सुया जास्त आत मारून ठेवल्यात थेरड्याने! आपली इंजिनं जाळली!"

सहाही जण धावत सुटले. त्यांच्यामागे त्यांचे मदतनीस. मारामारी बघायला बायका, पोरं, झाडून सगळे. ती सोडवायला डार्ला, तोंडाने शिव्यांची माळ चालू. वर्लिन उलट्या पावलांनी एकेक पायरी खाली उतरत गेला. तळाशी रॉयसने त्याची कॉलर पकडली आणि पहिला ठोसा लगावला. ओठ फुटला. वर्लिनने हात उचलला नाही. रॉयसच्या खांद्यावरून तो खाली उतरणारी डोकी मोजत होता.

"मार तरी, नाहीतर बोल काहीतरी! का केलंस?"

"डार्ला," वर्लिन ओरडला, "तूच शेवटची आहेस. दार ओढ!"

"आधी तू सांग, हा काय तमाशा..." डार्ला दारातूनच ओरडली आणि थांबली. पायऱ्यांवरचा उजेड हिरवा झाला होता, टॉर्नाडोआधी होतो तसा. तिने मागे वळून पाहिलं. मग विटेला लाथ मारली आणि दोन्ही हातांनी दार ओढून घेतलं. कडी बसली तेव्हा कुठे गावात सायरन सुरू झाला, आणि डोक्यावरून जे काही गेलं त्यात तोही ऐकू येईना.

 अंधारात रॉयसने कॉलर अजून सोडली नव्हती. आता ती त्याने दोन्ही हातांनी धरली होती.