नोटीसमधला शब्द

योगेंद्रने नोटीस पुन्हा वाचली. शब्द तोच होता. अमॅल्गमेशन. त्याच्या एका बाजूला आपल्या मिलचं नाव, दुसऱ्या बाजूला शेजारच्या मिलचं, खाली पुढच्या महिन्याची पहिली तारीख.

सकाळचे सात वाजले होते. पांडेसऱ्याच्या त्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या फाटकात रात्रपाळीची आणि दिवसपाळीची माणसं एकत्र उभी होती. गुजराती नोटीस दोन दिवसांनी लागणार, असं वॉचमन सांगत होता. इंग्रजी वाचणारा तिथे एकच, बारावी झालेला योगेंद्र. बँकेची पत्रं, दवाखान्याचे रिपोर्ट, सगळं त्याच्याकडेच यायचं. मोबाइल तर त्याने आताच वॉचमनकडे जमा केला होता.

"काय लिहेल शे रे?" हिलालनानांनी विचारलं. एकोणीस वर्षं ते मिलचा बॉयलर सांभाळत होते. रात्रपाळी करून डोळे लाल झाले होते.

माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण तीस माणसं तोंडाकडे बघत होती.

"दोन्ही मिल बंद होणार," योगेंद्र म्हणाला.

हिलालनाना डबा उचलून चालू लागले.

सकाळभर योगेंद्रचं कामात लक्ष लागेना. दुपारच्या सुट्टीत त्याने फाटकावर जाऊन मोबाइल घेतला आणि शब्द शोधला. एकत्रीकरण. दोन गोष्टी मिसळून एक होणं. कुठेच काही बंद होत नव्हतं. त्याने सोबतच्या कामगाराची बाइक मागितली आणि नाना राहायचे ती बमरोली गाठली.

हिलालनानांच्या खोलीत गावी परतायला भांडी पोत्यात भरून झाली होती. त्यांची बायको प्रमिलाबाई पोत्याचं तोंड शिवत होत्या. दहावीतली मुलगी गायत्री भिंतीकडे तोंड करून बसली होती. नाना आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून शाळेत निघाले होते. तिचा दाखला काढायचा होता.

"नाना, थांबा!" योगेंद्रला धाप लागली होती. "मी चुकीचं सांगितलं. मला तो शब्द येतच नव्हता. लाज वाटली म्हणून ठोकून दिलं."

"मंग काय शे त्यान्हा अर्थ?"

"एक होणं. दोन मिल मिळून एक मोठी मिल होणार. बंद काही नाही."

प्रमिलाबाईंनी हातातली सुई खाली ठेवली. "देव पावला," म्हणत त्यांनी पोतं उसवलं आणि चहाचं पातेलं बाहेर काढलं. गायत्री उठली. एकेक पुस्तक ती फळीवर परत लावू लागली. योगेंद्रला वाटलं, नाना आता चार शिव्या देतील. त्या खायला तो तयार होता.

नाना खाटेवर बसले. त्यांनी सदऱ्याचं बटण चाचपलं.

"दोन मिलनी एक मिल व्हई," ते हळूच म्हणाले. "मंग बॉयलर कितला ऱ्हातीन?"

योगेंद्र 'दोन' म्हणणार, तेवढ्यात त्याला आठवलं. शेजारच्या मिलने गेल्या दिवाळीत नवा बॉयलर बसवला होता. गॅसवर चालणारा. तो सांभाळायला त्यांची माणसंही होती.

"एक," तो म्हणाला.

स्टोव्ह पेटला. प्रमिलाबाईंनी योगेंद्रला विचारलं, साखर किती घालू? नानांनी एकदा गायत्रीच्या पाठीकडे पाहिलं, मग योगेंद्रच्या कानाशी वाकून म्हणाले,

"तुना सकायना अर्थच खरा व्हता, भाऊ. पोरीले आज सांगू नको."