मंगळावरचा जोंधळा

विज्ञानकथा पुरस्काराची नामांकनं जाहीर झाली आणि त्यांत शमशाद मुल्लाणीचं नाव नव्हतं. तिची मंगळावरची गोष्ट मंगळवार पेठेतल्या वाचनालयात लोकांनी मासिकाची पानं सुटेपर्यंत वाचली होती. त्याच आठवड्यात पुरस्काराचे एक परीक्षक तिथं व्याख्यानाला आले, तेव्हा वाचनालयाच्या सभासद कालिंदीअक्का भर सभेत उठल्या.

"पावणं, आमच्या शमशादची गोष्ट का वगळली?"

"गोष्ट उत्तमच आहे," परीक्षक हसून म्हणाले, "पण त्यात यान एक बाई चालवते. वाचकांना ते पटत नाही हो."

"वाचक आम्हीच की!" अक्का कडाडल्या. "मंगळावर जोंधळा पिकला, तिथली माणसं आपल्यासंगं बोलली, ते समदं पटलं. बाईनं यान चालवलेलं तेवढं पटलं न्हाय व्हय?"