णारा कोण?

पुस्तकात: पहाटे धरणाचे दरवाजे उघडण्यात आले.

"उघडणारा कोण?" बाईंनी विचारलं.

सातवीचा वर्ग. इतिहासाचा तास, धडा गावातल्याच जुन्या पुराचा. पंखे सकाळपासून बंद. मुलं धडे नुसते घोकतात, म्हणून व्याकरणातली युक्ती बाईंनी कालपासून इतिहासात आणली होती. क्रियापद पकडायचं, त्याला 'णारा' लावायचा आणि 'कोण' म्हणून विचारायचं.

"डबा उघडणारा कोण ते सांगू का, बाई?" खिडकीजवळून आवाज आला. वर्ग हसला. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, सांग, पण आधी चित्र बघ. चित्रात काही माणसं मिळून एक मोठं लोखंडी चाक फिरवत होती. मग सगळेच एकदम ओरडले.

फळ्यावर: कामगारांनी चाक फिरवून दरवाजे उघडले.

वाक्यात माणसं आली. मुलांना मजा वाटायला लागली होती. बाई पुढे सरकल्या.

पुस्तकात: नदीकाठच्या वस्तीला इशारा देण्यात आला नाही.

"देणारा कोण?"

आता कोणी ओरडलं नाही. माना दुसऱ्या बाकाकडे वळल्या. तिथे भोंगा बसली होती. हजेरीपटावर तिचं नाव वेगळं होतं, पण वर्गात ती पहिलीपासून भोंगाच. तिचे वडीलही याच शाळेत भोंगा होते. नदीवरच्या चौकीतला भोंगा वाजवायचं काम तिच्या आजोबांचं होतं, आणि पुराच्या पहाटे तो वाजला नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आजोबा आता घराबाहेर फारसे पडत नाहीत.

मागच्या बाकावरचा पैलवान उभा राहिला. त्याच्या आजीची धाकटी बहीण त्या पुरात गेली होती.

"न देणारा म्हणा, बाई. हिचा म्हातारा. झोपला होता."

पुस्तकात आहे का, असं बाईंनी विचारलं. सगळ्यांना माहीत आहे, तो म्हणाला. बाईंनी पुन्हा तेच विचारलं. त्याने ओळीवरून बोट फिरवलं, पुढच्या परिच्छेदावरून फिरवलं. नव्हतं. तो बसला, पण हरल्यासारखा नाही. बाकीच्यांनीही त्याला हरवलं नाही. ते अजून दुसऱ्या बाकाकडेच बघत होते.

बाईंच्या हातात खडू तसाच राहिला. हा धडा निवडताना त्या बाकाचा विचार त्यांनी केलाच नव्हता.

"बरं," त्या म्हणाल्या, "पुढचं वाक्य घेऊ."

"बाई, मागचं घ्या."

भोंगाचा आवाज वर्गात क्वचितच ऐकू यायचा. तिने पान उलटलं होतं आणि एका ओळीखाली बोट धरलं होतं.

पुस्तकात, मागच्या पानावर: वादळामुळे सुरक्षेच्या कारणास्तव आदल्या संध्याकाळी नदीकाठचा वीजपुरवठा खंडित करण्यात आला.

परीक्षेत वादळ येत नाही, पूर येतो. म्हणून त्या पानावर कुणीच पेन्सिलीची रेघ ओढली नव्हती.

"भोंगा विजेवर चालायचा," ती म्हणाली. वाचून दाखवावं तसं, खाली बघत.

"हे घरचं झालं," पैलवान बसल्या जागेवरून म्हणाला. "पुस्तकातलं दाखव."

बाईंचाच नियम होता. तो बरोबर बोलतोय, हे त्यांना कबूल करावं लागलं. भोंगा कशावर चालायचा, हे पुस्तकात कुठेच नव्हतं. मुलीने पान पुढे उलटलं, परत मागे आणलं. दोन्ही पानांच्या मध्ये तिचं बोट अडकून राहिलं.

तेवढ्यात शिपाईमामा दारात आले.

"बाई, सोडा पोरांना. मधली सुट्टी कधीच झाली. सगळी शाळा मैदानात आहे."

घंटा झालीच नाही, असं बाई म्हणाल्या.

"कशी होईल? सकाळपासून वीज कुठाय? जुनी पितळी होती तीसुद्धा मोडीत काढली. आता मी काय तोंडाने वाजवू?" मामा पुटपुटत पुढच्या वर्गाकडे गेले. "आणि उद्या म्हणतील, मामा झोपले होते."

कुणी डबा उघडला नाही. खिडकीजवळचाही नाही. बाहेरून मैदानातला गलका येत होता आणि वर्ग डोक्यावरच्या पंख्यांकडे बघत होता.

बाई फळ्याकडे वळल्या. काय लिहावं हे त्यांचं ठरलेलं दिसत नव्हतं. मग त्यांनी ओळीच्या सुरुवातीला रिकामी जागा सोडली.

फळ्यावर: ............ नी वीज तोडली.

पैलवानाने मागचं पान काढलं. ओठ हलवत वाचलं. पुन्हा वाचलं.

"तोडणारा कोण, बाई?"

बाईंनी मान हलवली. पुस्तकात नव्हतं.

पैलवान उठून दुसऱ्या बाकाशी गेला. कुठे उभं राहावं हे त्याला कळत नव्हतं.

"तुझ्या आजोबांना विचार ना," तो म्हणाला. "त्यांना माहीत असेल."

मुलीने पुस्तकातून बोट काढलं.

"असेल की," ती म्हणाली. "आजवर विचारणारं कोण होतं?"