कमी भरलेले दोन इंच

बेडशाच्या ठकूबाईनं एका बारात रानडुक्कर पाडलं. पण ते पडलंच नाही, असं गावानं एकमतानं ठरवलं, कारण फौजदार बंदूक तपासायला आले होते.

बंदूक नवऱ्यामागं तिच्या नावावर झालेली. दस्ता खांद्याला टेकवला की तिचं बोट चापापर्यंत पोचेना, म्हणून गेणू सुतारानं दस्ताच कापून दिला होता.

फौजदारांनी टेप लावला. "परवान्यात एक्कावन्न इंच. इथं एकोणपन्नास. दोन इंच गेले कुठं?"

"आश्विनाचं ऊन लय, सायेब. लाकूड आखडतं," गेणू म्हणाला.

कुणी हसलं नाही. भात लोंबीवर आलं होतं. बंदूक गेली, तर चार दिवसांत सगळं डुकरांच्या पोटात जाणार होतं.

"सायेब, माजा हातच पुरंना वो," ठकूबाईनं हात पुढं केला.

फौजदारांनी तोही मापला आणि बंदूक जप्त केली. "माप नोंदीप्रमाणंच पाहिजे. म्हणणं असेल तर अर्ज द्या."

ठकूबाईनं तिथंच अर्ज सांगितला आणि फौजदारांनी तो स्वच्छ अक्षरात उतरवून घेतला: 'बंदूक आखूड करण्यास सरकारची मनाई असल्याने, अर्जदार बाईचा उजवा हात भातकापणीच्या आत दोन इंच वाढवून मिळावा, ही नम्र विनंती.'