बिनदोऱ्याची शिवण

चांगुणाबाई मशीनवर बसल्या तसे बेलापूरच्या त्या सरकारी हॉलमधले सगळे साहेब खुर्च्या ओढून जवळ आले. सीमेवरच्या तालुक्यात, जिथून कर्नाटक अर्ध्या तासावर, तिथे तयार कपड्यांचा कारखाना उभा राहायचा होता. शिकून तयार झालेल्या चाळीस बायकांपैकी एकीचं काम आज सरोजिनी मॅडम स्वतः बघणार होत्या. वरची सही त्यांचीच. त्यांना पटलं की शेडचं काम सुरू, आणि चाळीस घरांना गावातच रोजगार.

योजना खात्यातल्या तरुण अधिकाऱ्याची, सुधीरची होती. दोनशे पानी, रंगीत नकाशांसकट. सकाळी कॅन्टीनमध्ये चहा पाजताना त्याने बाईंच्या कानावर घालून ठेवलं होतं, "काय कमी पडलं, काय आलं नाही, ते आज काढू नका, ताई. सगळंच बारगळेल." बाईंनी मान डोलावली होती.

आता त्यांनी बाहीचे दोन तुकडे एकावर एक ठेवले आणि पाय दाबला. मशीन एका दमात कडेपर्यंत गेलं. हात कुठे अडला नाही, कापड कुठे हललं नाही. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मॅडमनी हौसेने बाही उचलली, तर एक तुकडा त्यांच्या हातात राहिला आणि दुसरा फरशीवर पडला. दोन्हींवर बारीक भोकांची सरळसोट ओळ होती. सुईत दोराच नव्हता.

"अगं बाई," चांगुणाबाई पुटपुटल्या. "दोरा बगायचं ध्यानातच ऱ्हायलं. सवय न्हाई ना."

सवय असणार कुठून? नवशिक्या बाईला आधी कागदावर बिनदोऱ्याची सुई चालवायला देतात, हात बसावा म्हणून. दोन दिवस, फार तर चार. या बायकांनी तेवढंच तीन महिने केलं. कापड पोचलं नाही, दोरा पोचला नाही. पोचला तो फक्त योजनेच्या जास्तीच्या प्रतींचा गठ्ठा, सुधीरनेच पाठवलेला. बायकांनी त्याच गुळगुळीत पानांवर सुई चालवली. आणि मार्चअखेर फाइल बंद व्हावी म्हणून 'प्रशिक्षण पूर्ण' या शेऱ्याखाली सुधीरने सही ठोकून दिली होती. तेव्हा त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सगळेच करतात.

"रिपोर्टमध्ये तर सगळं शिकवून झालंय म्हणून लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला दोरा ओवायला शिकवलं नाही का, बाई?"

चांगुणाबाईंनी सुधीरकडे पाहिलं. सुधीरने आपल्या बुटांकडे.

"शिकवलं की, मॅडम. त्या दिशी मीच न्हवते. नातीला ताप व्हता."

हजेरीपत्रक सुधीरच्या हातातल्या फाइलमध्येच होतं. तीन महिन्यांत बाईंचा एकही खाडा नव्हता. तोंड उघडायची वेळ हीच होती, आणि त्याने ते उघडलंही.

"हो मॅडम," तो म्हणाला. "एखाददुसरं सेशन मिस होतंच या लोकांचं."

मॅडमनी डायरी मिटली. "मग घाई नको. आधी बायका नीट तयार होऊ देत. शेडचं पुढच्या वर्षी बघू."

साहेब लोक पांगले. कुणी जाता जाता सुधीरच्या पाठीवर थाप मारली, टेन्शन घेऊ नको म्हणाला. सुधीरला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. 'या लोकांचं' हे आपलेच शब्द त्याच्या कानातून जाईनात.

चांगुणाबाई अजून मशीनपाशीच होत्या. फरशीवरचा तुकडा उचलून त्यांनी झटकला, दुसऱ्याला जुळवला आणि नीट घडी घालून ठेवला. सुधीर माफी मागायला म्हणून जवळ गेला.

"साहेब," बाईच म्हणाल्या, "एवढ्या लांब आलेच हाय, तर तेवढं दोरा ओवायचं दाखवा. मी जाऊन बायांना दाखवीन."

स्टँडवर पांढऱ्या दोऱ्याचं भलंमोठं रीळ होतं. सुधीरने त्याचं टोक धरलं. मशीनच्या अंगावर इथे कडी, तिथे स्प्रिंग, कुठे दोन चकत्या, कुठे नुसतंच भोक. अशी चाळीस मशीनं त्याने योजनेत लिहिली होती. त्याने दोरा एका कडीतून घातला, काढला, दुसरीतून घातला. तो पुन्हा निसटून त्याच्या हातात आला.

चांगुणाबाई बराच वेळ त्याच्या बोटांकडे मन लावून बघत होत्या. मग त्यांनी हळूच दोरा त्याच्या हातातून काढून घेतला.

"असू द्या, साहेब. तुमालाबी कुनी दाखवलं नसंल."